धुरावरून अनुमान : टर्बो असलेल्या वाहनाच्या धुराचे निदान

धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान भारतीय तर्कशास्त्रात इतके रुळलेले आहे की उदाहरण द्यायचे म्हटले म्हणजे प्रत्येक पंथाच्या आचार्यांना तोच डोंगर आणि तोच धूर आठवतो. बौद्ध आचार्यांनी मात्र या उदाहरणाची फार कसून तपासणी केली. सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्ती यांनी ‘न्यायबिंदू’ या लहानशा ग्रंथात हेतूचे तीन प्रकार सांगितले : स्वभाव, कार्य आणि अनुपलब्धी. धूर हे अग्नीचे कार्य आहे, म्हणून धुरावरून अग्नी कळतो; हा कार्यहेतू. परंतु त्याच ग्रंथात त्यांनी एक सावधगिरीही नोंदवून ठेवली आहे. दूरवर जे दिसते आहे ते धूर आहे की वाफ, याचाच जेथे संशय आहे तेथे त्यावरून अग्नी सिद्ध होत नाही. याच आचार्यांच्या ‘प्रमाणवार्तिका’ची संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायन यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात तिबेटात शोधून काढली, हे आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या ग्रंथालयात वाचले असेल. धुराविषयीचा तो इशारा गाड्यांच्या गॅरेजमध्ये आजही लागू पडतो, हे मात्र फारसे कोणी सांगितले नसेल.

मानोऱ्याला रेल्वे नाही. कारंजा, मंगरूळपीर, दिग्रस, कोठेही जायचे तर डांबरी रस्ता आणि चार चाके यांवाचून गत्यंतर नाही. कापूस आणि सोयाबीन बाजारात न्यायचे, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेकरूंना पोहोचवायचे, धम्मचक्र प्रवर्तन दिनी गावातील माणसे नागपूरच्या दीक्षाभूमीवर न्यायची, ही सारी कामे डिझेलवर चालणाऱ्या जीप, पिकअप आणि मोठ्या गाड्या करतात. त्यांच्यावर पोट असणारी अनेक घरे आपल्या समाजात आहेत. अशी गाडी धूर मारू लागली आणि निदान चुकले, तर एका हंगामाची कमाई गॅरेजमध्ये जाते. म्हणून हा विषय या स्मरणिकेत घेणे आम्हांस आवश्यक वाटले.

आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक डिझेल गाड्यांना टर्बो असतो. २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली तेव्हा खेड्यापाड्यांत ‘टर्बो’ हा शब्द नवलाचा होता. आता तो पेट्रोलच्या लहान गाड्यांवरही लिहिलेला आढळतो. कल्पना मात्र जुनी आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत बरीच ऊर्जा वाया जाते. त्या वायूच्या वाटेत पात्यांचे एक चक्र ठेवले, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसविले, आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरली, तर तेवढ्याच आकाराचे इंजिन अधिक इंधन जाळून अधिक जोर देऊ शकते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली याचे पेटंट घेतले. घरातला छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेरे घेतो. टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. इतक्या वेगात धातूवर धातू घासला तर क्षणात राख होईल, म्हणून तो दांडा इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत ठेवलेला असतो. ऑइल वरून दाबाने येते आणि खालच्या पाइपातून केवळ स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये परत उतरते. पुढे निळ्या धुराचा विचार करताना या साध्या गोष्टीचा उपयोग होणार आहे.

आता बदल केलेल्या गाड्यांविषयी. जुन्या गाड्यांत डिझेल पंपावर जास्तीत जास्त इंधनाची मर्यादा ठरविणारा एक स्क्रू सीलबंद असतो. ते सील तोडून स्क्रू फिरविणे, यालाच आपल्याकडे ‘पंप वाढवणे’ म्हणतात. नव्या गाड्यांत हीच गोष्ट इंजिनाच्या संगणकातील आकडे बदलून करतात. त्याला ‘रिमॅप’ म्हणतात. कोणी टर्बोचा दाब वाढवितो, कोणी मोठा टर्बो बसवितो. कोणी ईजीआरच्या वाटेत पत्रा ठोकून ती बंद करतो, तर कोणी सायलेन्सरमधील जाळी फोडून तो पोकळ करतो, कारण आवाज ‘दमदार’ येतो. कित्येक जण मूळ एअर फिल्टरची पेटी काढून उघडा फिल्टर बसवितात. आपल्याकडच्या मे महिन्यातील रस्त्यांवर तो किती धूळ आत सोडतो, हे टर्बोच्या झिजलेल्या पात्यांवरून कळते.

या बदलांमुळे निदान अवघड का होते, ते समजून घेतले पाहिजे. कारखान्यातून आलेल्या गाडीत एक गोष्ट बिघडली तर एक लक्षण दिसते. बदललेल्या गाडीत मात्र बदल आणि बिघाड यांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. पंप वाढविल्याने आधीच काळा धूर येत असतो. त्यात इंटरकूलरचा पाइप फाटला, तर मालकाला वाटते की ‘जरा जास्त मारते आहे इतकेच’. जुना मेकॅनिक सांगतो पंप, नवा सांगतो टर्बो, तिसरा सांगतो इंजिन. तिघांपैकी कोणी खोटे बोलत असतो असे नव्हे. प्रत्येकाला एकेक कार्य दिसते आणि त्यावरून तो आपल्या ओळखीच्या कारणापर्यंत जातो. कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश येथे आठवणे गैर ठरणार नाही : केवळ कोणी सांगितले म्हणून मानू नये.

कार्यकारणसंबंध कसा ठरवावा, याची रीतही आपल्या आचार्यांनी सांगून ठेवली आहे. एक गोष्ट असताना दुसरी दिसते आणि ती काढून घेतल्यावर दिसेनाशी होते, असे दोन्ही बाजूंनी पाहावे. याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. गॅरेजच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, गाडी चालवून पाहावी आणि मगच दुसरीला हात लावावा. फिल्टर, नोझल आणि टर्बो एकाच दिवशी बदलून धूर थांबला, तर धूर थांबल्याचा आनंद होईल, पण कशाने थांबला हे कोणालाच सांगता येणार नाही आणि तिन्हींचे बिल मात्र द्यावे लागेल. बदललेल्या गाडीच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे : शक्य तेवढे बदल आधी मूळ स्थितीवर आणावेत. पंप कॅलिब्रेशनच्या यंत्रावर नेऊन कंपनीच्या मापावर बसवावा, संगणकातील मूळ आकडे परत भरावेत, आणि मग जो धूर उरेल त्याचे निदान करावे. यात एक-दोन दिवस जातात. ते वाया जात नाहीत.

पहिला प्रश्न धर्मकीर्तींचाच आहे : दिसते आहे तो धूर आहे का? एक लिटर डिझेल पूर्ण जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने सायलेन्सरमधून बाहेर पडते. उन्हाळ्यात ते दिसत नाही. डिसेंबरच्या पहाटे मात्र हीच वाफ पांढऱ्या झोताच्या रूपाने दिसते, दोन-चार फुटांवर हवेत विरते आणि इंजिन तापले की जवळजवळ नाहीशी होते. तिला वास नसतो. या वाफेला घाबरून हेड उघडण्याचे कारण नाही.

खरा पांढरा धूर वेगळा असतो. तो विरत नाही, जमिनीलगत लोळत राहतो. त्यातही दोन जाती आहेत. डोळे चुरचुरतात, कच्च्या डिझेलचा उग्र वास येतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या पुठ्ठ्यावर तेलकट ठिपके उमटतात, तेव्हा ते न जळलेले डिझेल असते. सकाळी सेल्फ मारल्यावर तो येत असेल आणि इंजिन तापल्यावर जात असेल, तर हीटर प्लग पाहावेत. एकच सिलिंडर मिस मारत असेल, तर त्याचे नोझल किंवा कॉम्प्रेशन पाहावे. जुन्या पंपाच्या गाडीत टायमिंग मागे पडले तरी असाच धूर येतो. दुसरी जात कूलंटची. त्याचा वास किंचित गोडसर असतो, इंजिन पूर्ण तापल्यावरही धूर थांबत नाही, आणि रेडिएटरच्या टाकीतील पातळी दर दोन-चार दिवसांनी उतरते. थंड इंजिन सुरू करताच वरचा होज पाइप काही मिनिटांत दगडासारखा कडक होतो, कारण सिलिंडरमधला दाब फुटलेल्या गॅस्केटवाटे पाण्यात शिरलेला असतो. टर्बोचा दाब वाढविलेल्या गाडीत हेड गॅस्केट जाण्याचे प्रमाण अधिक असते. मूळ गॅस्केट व बोल्ट त्या दाबासाठी केलेलेच नसतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर आढळला तर गाडी चालवून गॅरेजमध्ये नेऊ नये, ओढून न्यावी. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे पुन्हा पुन्हा सांगितले तरी कमीच आहे. चेहरा भाजलेल्या ड्रायव्हरांची उदाहरणे दर उन्हाळ्यात ऐकू येतात.

काळ्या धुराविषयी आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. घाटात पुढची गाडी काळा लोट सोडत चढते तेव्हा मागचे तरुण कौतुकाने म्हणतात, ‘काय ओढ आहे!’ वस्तुतः तो काळा लोट म्हणजे पंपावर पैसे मोजून घेतलेले आणि न जळता बाहेर फेकलेले डिझेल आहे. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. पण डिझेल इंजिनात इंधन आणि हवा यांची भेट फारच थोड्या क्षणांपुरती होत असल्याने प्रत्यक्षात याहून बरीच अधिक हवा द्यावी लागते. ती कमी पडली की काजळी. म्हणून काळ्या धुराचे कारण शोधणे म्हणजे हवा कमी पडते आहे की इंधन जास्त होते आहे, एवढेच ठरविणे होय.

आधी हवेकडे पाहावे, कारण ते स्वस्त आहे. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंत जाणारे सर्व रबरी पाइप व त्यांच्या क्लिपा हाताने तपासाव्यात. पाइपाची चीर उभ्या गाडीत दिसत नाही. दाब आला की ती उघडते आणि सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो. साबणाचे पाणी लावून, पाइपात थोडा हवेचा दाब देऊन पाहिले तर बुडबुडे चीर दाखवितात. आमच्या मते टर्बोच्या गाडीत ‘ओढ कमी झाली आणि काळा धूर वाढला’ या जोडीचे सर्वांत दुर्लक्षित कारण हा फाटका पाइपच आहे. रबराचा हा तुकडा बदलण्याऐवजी टर्बो बदलल्याचे प्रसंग थोडे नाहीत. यानंतर ईजीआर वॉल्व उघडा अडकला आहे का, आणि टर्बोचा दाब सोडून देणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, मिटते आहे का, हे पाहावे.

हवा पुरेशी असेल तर मग इंधन. नोझल धार मारते की फवारा, हे पंपवाल्याच्या यंत्रावर दोन मिनिटांत कळते. टर्बोच्या जुन्या पंपांवर एक पातळ पडदा असतो. टर्बोचा दाब वाढेल तसतसा तो इंधन वाढू देतो. ‘पंप वाढवणाऱ्या’ हातांनी बहुधा याच पडद्याचा बंदोबस्त केलेला असतो, म्हणजे टर्बोने हवा आणण्याआधीच पूर्ण डिझेल आत जाते. अशा गाडीत रेस देताच काळा भपका येतो. आता एक फरक लक्षात ठेवावा : टर्बोला फिरायला लागण्यास क्षणभर वेळ लागतो, म्हणून जोरात रेस दिल्यावर अर्धा-एक सेकंद किंचित काळेपणा जुन्या गाडीत असणे हा दोष नव्हे. भार घेऊन एकाच वेगात चढत असताना जो काळा धूर सतत राहतो, तो दोष. आणि तो धोकाही आहे, कारण जास्तीच्या डिझेलने बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान वाढत जाते. पिस्टनची टाळी वितळणे आणि टर्बोच्या गरम बाजूला भेगा पडणे, ही त्याची पुढची पायरी.

निळा धूर हे ऑइल जळल्याचे लक्षण आहे, आणि सर्वाधिक पैसा येथेच चुकीच्या ठिकाणी खर्च होतो. ऑइल जळण्याची जागा तीनपैकी एक असते : रिंगा आणि लाइनर, वॉल्वची सीले, किंवा टर्बो. रंग तिघांचा सारखाच असतो. म्हणून रंगापेक्षा वेळ पाहावी. भार घेताना, चढावर, सतत निळा धूर येत असेल तर रिंगांवर संशय घ्यावा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताच एक निळा भपका येतो आणि मग स्वच्छ होते, किंवा उतारावर रेस सोडून पुन्हा देताच भपका येतो, तर वॉल्वची सीले व गाईड. बराच वेळ इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून मग रेस दिल्यावर मोठा ढग सुटतो, तर टर्बोकडे बोट जाते, कारण त्या वेळी पात्यांच्या मागे दाब कमी असतो आणि ऑइल सीलच्या बाहेर झिरपते. टर्बोच्या गरम बाजूने गळणारे ऑइल सिलिंडरमध्ये जातच नाही. ते थेट तप्त सायलेन्सरमध्ये पडून धुमसते, आणि म्हणून तो धूर निळ्यापेक्षा पांढुरका व दाट दिसतो. त्याला कूलंट समजून हेड उघडलेलेही आम्ही पाहिले आहे.

एक उदाहरण घेऊ. असे समजू की एका पिकअपचा पंप दोन वर्षांपूर्वी वाढविलेला आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रांगेत ती तासभर चालू स्थितीत उभी राहते, आणि पुढे सरकण्यासाठी रेस देताच मागे निळा ढग उठतो. लक्षण टर्बोचे. टर्बो उघडला तर आत ऑइलही सापडते. नवा टर्बो बसतो. आठ-दहा दिवसांनी तोच ढग. मालक टर्बो विकणाऱ्याला दोष देतो, विकणारा मेकॅनिकला. प्रत्यक्षात दोष दोघांचाही नसतो. दोन वर्षे जास्तीच्या डिझेलवर चालून रिंगा झिजलेल्या असतात. जळत्या वायूचा काही भाग रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतो आणि तेथे दाब निर्माण करतो. टर्बोतील ऑइल केवळ वजनाने खाली उतरते हे आपण वर पाहिले; खालून दाब आला की ते उतरू शकत नाही, टर्बोत तुंबते आणि सीलमधून बाहेर पडते. टर्बो नवा असो की जुना, ऑइलला दुसरी वाटच उरलेली नसते. परतीच्या पाइपात काजळी साचली असेल, तो पाइप बसविताना वाकला असेल, गॅस्केटला लावलेल्या पेस्टचा गोळा आत लटकत असेल, किंवा ब्रीदर तुंबला असेल, तरी हेच घडते.

म्हणून टर्बोला हात लावण्यापूर्वी पुढील पाहणी करावी, असा आमचा आग्रह आहे. चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण सैल करावे. तेथून किंचित वाफ येणे स्वाभाविक. धाप लागल्यासारखा जोराचा धूर येत असेल तर दोष खाली आहे. मग इंजिन थंड होऊ देऊन टर्बोच्या हवेच्या बाजूचा पाइप काढावा. टर्बोच्या आधीचा, फिल्टरकडचा पाइपच आतून ऑइलने ओला असेल, तर ते ऑइल टर्बोचे नव्हे, ब्रीदरवाटे आलेले आहे. पाइपाला नुसता तेलकट हात लागणे हे जुन्या गाडीत नेहमीचेच; चमचा-दोन चमचे ऑइल साचलेले असणे नेहमीचे नव्हे. त्यानंतर दांडा बोटांनी हलवावा. कडेला अगदी किंचित हलणे चालते, कारण तेथे ऑइलच्या थराची जागा सोडलेली असते. आत-बाहेर सरकणे किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा चालत नाहीत. दांडा निर्दोष आणि फिल्टरकडचा पाइप ओला, असे असेल तर टर्बो बदलणे म्हणजे ताप मोजणारी नळी बदलून ताप उतरण्याची वाट पाहण्यासारखे आहे. कॉम्प्रेशन मोजावे, ब्रीदर आणि परतीचा पाइप साफ करावा, आणि मगच निर्णय घ्यावा.

पेट्रोलच्या टर्बो गाड्यांत तत्त्व हेच, मात्र ब्रीदरच्या वाटेत एकमार्गी झडप असते. ती बिघडली की टर्बोचा दाब उलट चेंबरमध्ये शिरतो आणि नव्या गाडीतही निळा धूर दिसतो. झडप स्वस्त असते. आधी तीच पाहावी.

धर्मकीर्तींचा तिसरा हेतू अनुपलब्धीचा. एखादी गोष्ट नाही, असे केव्हा म्हणता येते? जी असती तर दिसलीच असती ती दिसत नाही, तेव्हाच. ही अट फार मोलाची आहे. कूलंटच्या टाकीवर खडूने खूण करून आठ दिवसांत पातळी तिळभरही उतरली नाही, तर कूलंट जळत नाही असे निश्चयाने म्हणता येते. पण ऑइलच्या बाबतीत तेच म्हणताना सावध राहावे. गेजवर पातळी उतरत नाही म्हणून ऑइल जळत नाही, असा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो. गळक्या नोझलमधून डिझेल ऑइलमध्ये मिसळत असेल तर जळालेल्या ऑइलची जागा डिझेल भरून काढते आणि पातळी जशीच्या तशी दिसते. कधी कधी ती वाढते. पातळी वाढणे ही शुभवार्ता नव्हे. गेजवरचा थेंब बोटांत घेऊन चिकटपणा पाहावा, वास घ्यावा. पातळ आणि डिझेलच्या वासाचे ऑइल टर्बोचा दांडा तरंगत ठेवू शकत नाही. डिझेल भरल्याचे किलोमीटर, ऑइल टाकल्याचे किलोमीटर आणि कूलंट टाकल्याची तारीख, एवढे लिहिणारी एक साधी वही गाडीत असली तर निम्मे निदान तिच्यातच सापडते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पीयूसीच्या चाचणीत डिझेल गाडीला मोकळी रेस देऊन धुराची दाटी मोजतात. भारत स्टेज चार पूर्वीच्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज एकक आणि भारत स्टेज चारच्या गाड्यांना ५० एकक ही मर्यादा आहे. यंत्र धुराची दाटी मोजते, कारण सांगत नाही. त्यामुळे पीयूसी मिळाली म्हणजे इंजिन निरोगी, असे समजू नये. मंद निळा धूर सोडणारी गाडी सहज उत्तीर्ण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर मनुष्यास निश्चितपणे कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. वसतिगृहाच्या फाटकाशी मुलांना उतरविणाऱ्या गाड्यांनी उभे असताना इंजिन बंद ठेवावे, ही आमची पालकांना विनंती आहे. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करणे तर केव्हाही वर्ज्य. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

शेवटी एका संकटाविषयी लिहिणे भाग आहे, कारण ते क्वचित येते पण आले तर माणसाला विचार करण्यास वेळ देत नाही. टर्बोचे सील अचानक फुटले किंवा चेंबरमध्ये ऑइल फार भरले, तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर चालू लागते. किल्ली बंद केली तरी ते थांबत नाही, कारण किल्ली डिझेल तोडते आणि इंजिनाला आता डिझेलची गरज उरलेली नसते. आवाज चढत जातो, मागे निळ्या-पांढऱ्या धुराची भिंत उभी राहते. अशा वेळी गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढून, सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच एकदम सोडावा. इंजिन दबून बंद पडते. तसे करता आले नाही तर हवेची वाट बंद करणे हा दुसरा उपाय : एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडावर जाड फळी किंवा पत्रा दाबून धरावा. हात लावू नये आणि कापडही लावू नये. टर्बो दोन्ही आत ओढून घेतो. कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे जवळ असेल तर त्याचा झोत त्या नळीत सोडावा. यांपैकी काहीच तत्काळ जमत नसेल तर माणसांना गाडीपासून दूर न्यावे, विशेषतः इंजिनाच्या दोन्ही बाजूंना कोणी उभे राहू देऊ नये, कारण तुटलेला कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. इंजिन थांबल्यावर ते पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. गाडी ओढून न्यावी, आणि इंटरकूलर व त्याच्या सर्व पाइपांतील साचलेले ऑइल काढून ते स्वच्छ धुतल्याशिवाय सेल्फ मारू नये. दुरुस्त केलेले इंजिन त्या उरलेल्या ऑइलवर दुसऱ्यांदा धावू शकते.